जुन्या बाजारातली आशा पुथली: पहिली रेकॉर्ड कशी ऐकावी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: रविवारी जुन्या बाजारात तुम्हाला एक एलपी मिळाली. नाव आशा पुथली, साल 1973, गाणी इंग्रजी. हे नाव तुम्ही कधी ऐकलं नव्हतं. घरी आणून चारदा लावली. आवाज आवडला, पण रेकॉर्ड संपली की काही गुणगुणता येत नाही. मग त्यांची नंतरची नाचाची गाणी मोबाईलवर सापडली आणि ती ऐकताक्षणी आवडली. म्हणून तुम्ही विचारताय, की ही पहिली रेकॉर्ड कच्ची आहे का, याला जॅझ म्हणायचं की पॉप, आणि दोन्ही बाजूंना शेवटाकडे 'स' आणि 'श' घासल्यासारखे का येतात. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय, की शाळेत असताना मध्यमापर्यंत गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या आणि आईची पेटी अजून घरात आहे. माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच. त्याकडे नंतर येतो.

मी पेटीवाला. गायकांच्या साथीला बसतो आणि गेली 28 वर्षं नारायण पेठेत लोकांच्या जुन्या रेकॉर्डी, स्पूल आणि कॅसेटी डिजिटल करून देतो. तुमच्यासारखा अनुभव घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, गायिकेचं नाव तेवढं वेगळं असतं. जॅझच्या अंगाने गाणारी एखादी पॉप गायिका अचानक हाती लागते, आवाज खेचून घेतो आणि गाणी मात्र हातातून निसटतात. मग माणूस समजतो, की एक तर आपल्याला कळत नाही किंवा रेकॉर्डच बेताची आहे.

तुमच्या बाबतीत मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे तुम्ही मागून पुढे ऐकताय. 1976 च्या गायिकेला 1973 च्या रेकॉर्डमध्ये शोधताय आणि ती तिथे दिसत नाही म्हणून नाराज होताय. दुसरं, तुमचा कान चाल शोधतोय. या रेकॉर्डवरचा ऐवज चालीत थोडा आहे, आणि चालीचं गायिका काय करते त्यात जास्त आहे. तिथे कान न्यायचा कसा, हा खरा प्रश्न आहे.

आता कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगतो. तुमची प्रत मी पाहिलेली नाही. ती कोणत्या देशातली, किती वाजलेली, तुमचं यंत्र कसलं, सुई किती जुनी, यावर तुम्हाला ऐकू येणारं निम्मं तरी ठरतं. इंग्रजी शब्द कानावर पडताच अर्थ लागतो का, यानेही फरक पडतो. म्हणून आधी यंत्राकडे बघू. हा टप्पा कंटाळवाणा वाटेल, पण या गायिकेच्या बाबतीत तो गाळून चालणार नाही, कारण तिच्या गाण्यातला मोठा भाग श्वासात आहे, आणि खराब सुई पहिल्यांदा श्वासच खाते.

'स' घासतो त्याचं कारण असं. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, सुई बाहेरच्या काठाला असली तरी आणि लेबलजवळ असली तरी. पण बाहेरचा फेरा मोठा असतो. तिथे सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सुईखालून जाते, आणि आत लेबलजवळ येईपर्यंत ती 20-21 सेंटिमीटरवर येते. म्हणजे तोच 'स' आत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. 'स'च्या लाटा आधीच बारीक. गोल टोकाची किंवा झिजलेली सुई त्या वळणांत शिरतच नाही, वरवर घासत जाते. म्हणूनच पूर्वी रेकॉर्ड रचणारे दणकेबाज गाणी बाहेरच्या बाजूला आणि शांत गाणी शेवटाकडे ठेवायला बघत.

तुमच्या रेकॉर्डवर फक्त शेवटची दोन गाणी घासत असतील, तर दोष बहुतेक सुईचा किंवा कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) बसवण्यातल्या कोनाचा आहे, आणि तो सुधारतो. पहिल्या गाण्यापासूनच घासत असेल, तर कुणीतरी ती वर्षानुवर्षं जड सुईवर वाजवली असणार. त्याला इलाज नाही. चांगल्या कार्ट्रिजचा भार साधारण दीड ते अडीच ग्रॅम असतो. स्वस्तातल्या पेटीवजा प्लेअरमध्ये तो पाच ग्रॅमपर्यंत जातो. सोनं तोलतात तसा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, त्यावर सुईचा भार मोजा. सुई किती वापरली याचा हिशेब नसेल तर सरळ नवी घ्या, शक्यतो लंबगोल टोकाची. रेकॉर्ड धुवा: डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब, मायक्रोफायबरचं फडकं. हात खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसायचं. पुण्याच्या पावसाळ्यात काढलेल्या जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डवर पांढरे ठिपके असतात. ती बुरशी. तिची चरचर लोक कायमचा चरा समजून बसतात, आणि पुष्कळदा ती एका धुण्यात जाते.

वेगही तपासा. सहा टक्के जलद फिरणारी रेकॉर्ड सूर एका पट्टीने चढवते, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं आणि बाईचा आवाज कोवळा, पातळ होतो. तुमच्याकडे पेटी आहे, म्हणजे साधन घरातच आहे. जुनी पेटी थोडी उतरलेली किंवा चढलेली असू शकते, म्हणून आधी मोबाईलवरच्या ट्यूनरशी ताडून घ्या. मग गाण्याच्या शेवटी वाद्यं जो सूर धरून थांबतात तो पेटीवर शोधा. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असेल, तर वेग चुकलाय.

यंत्रावर इतका का अडून बसलो, त्यामागे एक आठवण आहे. हे काम सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक आजी भावगीतांची रेकॉर्ड घेऊन आल्या. तेव्हा माझ्याकडे आवाजातली खरखर काढणारं नवं सॉफ्टवेअर आलं होतं आणि मी त्याच्या प्रेमात होतो. मी ती रेकॉर्ड इतकी धुतली, की मागे एक कण चरचर उरली नाही. आजी हेडफोन लावून दोन गाणी शांतपणे ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "छान आलंय, पण ही श्वास कुठे घेते?" मी मूळ रेकॉर्ड पुन्हा लावली. प्रत्येक ओळीआधी एक बारीकसा श्वास होता, आणि एका शब्दाच्या शेवटी हवा सोडल्यासारखा 'ह' होता. सॉफ्टवेअरने खरखर समजून दोन्ही पुसून टाकले होते. मी ते सगळं काम पुन्हा केलं. तेव्हापासून कुणाचीही रेकॉर्ड आली की पहिल्यांदा एकदा नुसता श्वास ऐकतो. तुम्हीही मोबाईलवर हीच गाणी ऐकत असाल आणि तिथला आवाज फार गुळगुळीत वाटला, तर आपली रेकॉर्ड लावून एका ओळीआधीचा श्वास दोन्हीकडे ताडून बघा.

आता गायिकेविषयी. आशा पुथली मुंबईच्या, जन्म 1945 चा. हिंदुस्थानी संगीताचं शिक्षण झालेलं आणि पाश्चात्त्य ऑपेरा गायनाचंही. त्या काळात आपल्याकडे जॅझ पोचायचं ते मुख्यतः शॉर्टवेव्ह रेडिओवरून आणि मुंबईच्या हॉटेलांतल्या वाद्यवृंदांतून. पुढे त्या न्यूयॉर्कला गेल्या. तिथे 1971 साली सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी एका अल्बमसाठी दोन गाणी त्यांच्याकडून गाऊन घेतली. तो अल्बम 1972 मध्ये 'सायन्स फिक्शन' या नावाने निघाला. ट्रम्पेटवर डॉन चेरी, बासवर चार्ली हेडन अशी माणसं त्यात वाजवत होती. कोलमन यांचं संगीत ठरलेल्या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, चौकटीत चालत नाही. तिथे गायिकेला टेकायला काही नसतं, सूर स्वतःच्या भरवशावर लावावा लागतो. रागाची तालीम झालेल्या गळ्याला हे जमलं यात मला नवल वाटत नाही, पण ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

त्यानंतर 1973 मध्ये सीबीएस कंपनीने लंडनमध्ये त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम काढला. नाव त्यांचंच. तीच तुमची रेकॉर्ड. निर्माते डेल न्यूमन. व्हायोलिनच्या ताफ्याची रचना करण्यात हा माणूस तरबेज. पॉप गायक एल्टन जॉन यांच्या त्याच वर्षीच्या गाजलेल्या दुहेरी अल्बमची तंतुवाद्यांची रचनाही त्यांचीच. म्हणजे बघा, एकीकडे कोलमनच्या बेबंद संगीतातून नुकतीच बाहेर आलेली गायिका, दुसरीकडे पॉपच्या घडीव कामातला वाकबगार माणूस, आणि मध्ये दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी. नाचाच्या ज्या गाण्यांनी तुम्ही त्यांच्याकडे वळलात, त्यांचा काळ 1976 पासून पुढचा. त्या वर्षीच्या अल्बमवरचं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या नाचाच्या रात्रींमध्ये गाजलं आणि पुढे 1997 साली नटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या अल्बमवर त्याचा तुकडा वापरला गेला. हे सगळं निदान तीन वर्षं पुढचं. 1973 मध्ये रेकॉर्डिंगच्या खोलीत उभ्या असलेल्या बाईला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्हीही ते घडीभर बाजूला ठेवा.

अशी रेकॉर्ड पुण्याच्या जुन्या बाजारात कशी आली, हेही तुम्ही विचारलंय. माझा अंदाज सांगतो. 1974 पासून कोरेगाव पार्कच्या रजनीश आश्रमात युरोप-अमेरिकेतून माणसं येऊन राहिली, आणि जाताना पुष्कळांनी जड सामान इथेच टाकलं. माझ्याकडे परदेशी छापाच्या सत्तरीतल्या रेकॉर्डी येतात, त्यांतल्या बऱ्याच त्या भागातल्या घरांतून निघालेल्या असतात. तुमच्या प्रतीचा छाप कुठला ते लेबलच्या काठावरच्या बारीक अक्षरांत असेल. लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक असतो, तोही टिपून ठेवा. किमतीचं मला विचारू नका. ठेवा असंच म्हणेन.

आता पेटी काढा.

तुम्ही मध्यमापर्यंत शिकलात, म्हणजे तुमच्या कानात तानपुरा पक्का बसलाय. आपल्याकडे सा हा घर असतो. गाणं कुठेही फिरो, खालची जमीन हलत नाही. जॅझमध्ये आणि त्याच्या अंगाने जाणाऱ्या पॉपमध्ये जमीनच हलते, गायिका एकाच सुरावर उभी असली तरी. हे वाचून कळत नाही, म्हणून हातानेच करून बघा.

पांढरी एकचा सा घ्या. तोंडाने तो सा लावा आणि धरून ठेवा. पेटीवर आधी सा-ग-प एकत्र दाबा. सा शांत आहे, घरी आहे. आता तोंडातला सा तसाच ठेवून खालचा मंद्र ध, वर सा आणि ग असे तीन स्वर दाबा. सा तोच, पण त्यावर एक सावली आली. मग मंद्र म, मंद्र ध आणि सा. आता सा उंच गच्चीत उभा असल्यासारखा मोकळा वाटेल. आणि शेवटी मंद्र सप्तकातले रे, तीव्र म, ध आणि वर करंगळीने सा, असे चार स्वर एकत्र दाबा. आता गंमत बघा. तुमचा सा अस्वस्थ झाला. तो तिथे राहायला तयार नाही, त्याला खाली शुद्ध निषादावर उतरायचंय. उतरू द्या, आणि हात मंद्र रे-प-नीवर न्या. सुटल्यासारखं वाटतं ना?

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पेटीवरून हात उचलून बसलो होतो. सा म्हणजे विसावा, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. तोच सा खालचा मजला बदलला की टोचणारा सूर होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कॉर्ड आपण आयुष्यभर सिनेमाच्या गाण्यांमागे ऐकत आलोय, पण तिथली चाल बहुतेक वेळा स्वतःच्या पायावर उभी असते. मागचे कॉर्ड काढून टाकले तरी ती पेटीवर वाजते आणि गाणं ओळखू येतं. जॅझच्या अंगाच्या गाण्यात चाल कधी कधी दोन-तीन सुरांतच घुटमळते, आणि सगळी हालचाल तिच्याखाली चाललेली असते. अशी चाल तुम्ही एकटीच घरी न्यायला गेलात तर हाती काय लागणार? म्हणून तुम्हाला गुणगुणता येत नाही. त्यात तुमच्या कानाचा दोष नाही आणि रेकॉर्डचाही नाही.

हा प्रयोग रोज पाच मिनिटं, आठवडाभर करा. मग रेकॉर्ड लावा आणि ज्या ओळीत गायिका एकच सूर लांबवते, तिथे तिचं ऐकू नका, तिच्याखाली बास गिटार काय करते ते ऐका. बास उतरला किंवा चढला, की वरच्या त्याच सुराचा रंग बदलतो. हे एकदा जरी पकडीत आलं, तरी पुढचं काम सोपं होतं.

दुसरी गोष्ट लयीची. उजव्या हाताने मांडीवर चार मात्रांचा सरळ ठेका धरा आणि गाण्याची एक ओळ ऐका. महत्त्वाचा शब्द मात्रेवर पडतो का, की मात्रा पडून गेल्यावर किंचित उशिरा येतो? ठुमरी गाणाऱ्या बाईंच्या साथीला बसलो की मला हे दिसतं. त्या शब्द हातात धरून ठेवतात, तबला पुढे जातो, आणि मग अलगद तो शब्द सोडतात. मात्र आपल्याकडे शेवटी समेवर भेट ठरलेली असते. श्रोते मान हलवतात ती त्या भेटीला. या गाण्यात तशी ठरलेली भेट नसते. उशीर हाच भाव असतो, कधी आळसावलेला, कधी लाडिक, कधी मनात नसल्यासारखा. तुम्ही समेची वाट बघत बसलात आणि ती आलीच नाही, तर गाणं अर्धवट सोडल्यासारखं वाटणारच.

जॅझचा झोका म्हणतात तो काय असतो, हेही बोलून बघता येतं. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा आणि पहिला नि तिसरा तेवढाच बोला, मधला मनात. लांब-आखूड, लांब-आखूड. आपल्या दादऱ्याशी याचं नातं तुम्हाला लगेच जाणवेल. सत्तरीतल्या पॉपमध्ये ड्रम बऱ्याचदा असा झुलत नाही, सरळ चालतो. मला या रेकॉर्डवर सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, की खालचा ताल सरळ असतानाही गायिकेचे शब्द झुलतात. जॅझ वाद्यांतून निघून गेलाय आणि गळ्यात राहिलाय.

इथवरचं थोडक्यात सांगायचं, तर आधी सुई आणि वेग, मग सा-खाली हलणारे कॉर्ड, मग उशिरा येणारा शब्द. हे तिन्ही जमलं, की तुमच्या पहिल्या प्रश्नाला हात घालता येतो: ही रेकॉर्ड कच्ची आहे का?

कव्हर उलटं करा. गाण्यांच्या नावांशेजारी किंवा लेबलवर रचनाकारांची नावं बारीक अक्षरांत असतात. त्यांत तुम्हाला बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन दिसतील. त्यांचं एक गाणं, जे त्यांनी स्वतः 1970 च्या तीन रेकॉर्डींच्या संचात गायलं होतं, ते इथे आहे. जे. जे. केल हे नावही दिसेल. ओक्लाहोमाचा हा गिटारवादक पुटपुटल्यासारखं, आवाज न चढवता गायचा. आता आपल्या मराठी कानाची एक सवय आडवी येते. भावगीत किंवा सिनेमाचं गाणं आपल्यासाठी एकाच आवाजाचं असतं. दुसऱ्याने गायलं, की ते ऑर्केस्ट्रातलं किंवा स्पर्धेतलं. त्यामुळे दुसऱ्यांची गाणी गायलेला पहिला अल्बम म्हणजे अजून स्वतःचं काही नसलेली गायिका, असं आपल्याला वाटतं.

पण हेच आपण बंदिशीच्या बाबतीत कधी म्हणत नाही. एकच बंदिश पिढ्यान्‌पिढ्या दहाजण गातात. तिथे आपण विचारतो, की यांनी तिचं काय केलं, मुखडा कसा घेतला, कुठल्या शब्दावर रेंगाळले. सवाईत मंडपात बसलेला माणूस यमन ऐकायला आला म्हणून कधी म्हणत नाही, की हा तर मागच्या वर्षीही झाला होता. जॅझमधल्या गायिका गाण्यांकडे तसंच बघतात. तुमची रेकॉर्ड बंदिशींची मैफल समजून ऐका. केल यांचं गाणं पुरुषाच्या तोंडचं, कोरडं, मागे राहून गायलेलं. तेच पुथली यांच्याकडे आलं, की त्यात हवा शिरते, शब्दांची टोकं मऊ होतात, आणि विनवणी कोण कुणाला करतंय याचा तोल बदलतो. हॅरिसन यांच्या गाण्यात त्या कुजबुजतात, हसतात, चक्क खेळतात. अशा गाण्यात हसणं सुरात ठेवायला गळ्यावर ताबा लागतो. तो ताबा ऑपेराने आणि रागाच्या तालमीने दिला, असं मला वाटतं. आणि तालीम न दाखवता गाण्याची हिंमत त्यांनी पहिल्याच अल्बमला केली. एक तान घेऊन टाकली असती तर लंडनमध्ये वाहवा झाली असती. मी त्या रेकॉर्डवर असल्या दिखाऊ तानेची वाट बघत होतो. ती आली नाही, तेव्हा या बाईविषयीचा आदर वाढला.

ऐकायचा क्रम माझ्याकडे ठरलेला आहे आणि तो मी सगळ्यांना सांगतो. आधी हिचं तीनदा ऐका. मग मूळ गायकाचं एकदा. मग पुन्हा हिचं. मूळ आधी ऐकलंत, तर कान तुलना करत बसेल आणि तुम्ही पुन्हा चालीकडे जाल. हिचं आधी ऐकून मूळाकडे गेलात, की कुठला शब्द तिने मागे ओढलाय, कुठे श्वास नव्याने टाकलाय, हे आपोआप डोळ्यांपुढे येतं. शब्दांचा अर्थ लागत नसेल तर ओळी कागदावर लिहून समोर ठेवा. त्यात कमीपणा काही नाही, मीही लिहितो.

कच्ची आहे का, तर काही ठिकाणी आहे. व्हायोलिनचा ताफा कुठे कुठे गायिकेच्या फार जवळ येतो, आणि जिथे तिला एकटं सोडायला हवं होतं तिथे भरून काढतो. एक-दोन गाणी कंपनीला बाजारात काय चालेल या विचाराने निवडली असावीत असं वाटतं. पण या खेचाखेचीमुळेच मला ती नंतरच्या अल्बमपेक्षा जवळची वाटते. 1976 च्या गाण्यांत गायिकेला आपली जागा सापडलेली आहे, म्हणून ती तुम्हाला चटकन आवडली. इथे ती जागा शोधताना ऐकू येते. कुठल्या ओळीत सापडली आणि कुठे निसटली, हे ऐकायला मला वेळ लागला, आणि तो वेळ सार्थकी लागला.

जॅझ की पॉप, यावर मी फार वेळ घालवणार नाही. दुकानदाराला कप्पा ठरवावा लागतो, आपल्याला नाही. तरी उत्तर हवंच असेल तर असं: गाणी पॉपची आहेत, त्यांची लांबी पॉपची आहे, ताल बराचसा पॉपचा आहे, आणि शब्द ठेवण्याची रीत जॅझची आहे. मायक्रोफोनच्या इतक्या जवळ जाऊन गाणं ही रीत मात्र दोघांची. 1925 च्या सुमाराला विजेवर ध्वनिमुद्रण आलं, तेव्हा कर्ण्यात ओरडण्याची गरज संपली आणि हळू आवाजात गाणं शक्य झालं. आपलं भावगीतही त्याच वाटेने आलं. म्हणून खुल्या आवाजाच्या तालमीतून आलेल्या माणसाने या कुजबुजीला कमकुवत समजू नये. भावगीत ऐकताना आपण तसं समजत नाही, मग इथेही समजायचं कारण नाही.

सध्या एका वेळी एकच बाजू ऐका, साधारण वीस मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. 'स्पेस टॉक' महिनाभर लावू नका. आधी नवी सुई बसवा, रेकॉर्ड धुवा, पेटीवर वेग तपासा. एवढं करूनही दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स' घासलाच, तर पहिल्या गाण्यातला 'स' कसा येतो तेही लिहून कळवा. सोबत सुईचा भार किती भरला आणि त्या गुळगुळीत पट्ट्यावर कोणता क्रमांक कोरलाय तेही लिहा. मग पुढचं बघू.